दहा घरं, एक वही: गावातली गरिबी अन् विषमता मोजायची कशी

पहिले एक सांगून देतो, कोणाच्या दारात जाऊन "काका, वर्षाचं उत्पन्न किती" असं विचारू नका. मी विचारलं होतं, राळेगावकडच्या एका गावात सर्व्हेच्या कामावर होतो तेव्हा. काका आत गेले, लोखंडी पेटीतून लॅमिनेशन केलेला उत्पन्नाचा दाखला आणला अन् माझ्यापुढं धरला, "हे पाय बापू, याच्यात जे हाय तेच लिही, उगाच दुसरं काही लिहू नको." चूक काकांची नाही. अन्न सुरक्षा कायदा आला तेव्हा आपल्या महाराष्ट्रात गावाकडच्या प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे कायद्यानं राशन भेटणाऱ्या घरासाठी, वर्षाला ४४ हजार उत्पन्नाची मर्यादा ठरली. चार माणसांच्या घराला ४४ हजार म्हणजे महिन्याला माणशी ९१७ रुपये, यात कोण जगते? पण राशन पाहिजे तर कागदावर तेवढ्यात जगून दाखवावं लागते, म्हणून कागदावर अर्धं गाव त्याच्या खालीच सापडते.

बरं, माणूस खरं सांगायला बसला तरी शेतकऱ्याला उत्पन्न सांगता येत नाही. सोयाबीन दिवाळीच्या आगंमागं विकलं, कापूस त्याच्यानंतर थोडा थोडा, तूर त्याच्याही नंतर, पैसा आला तो तीन-चार महिन्यांत आला अन् उसनवारी फेडण्यात गेला, मंग जूनमध्ये परत बियाण्यासाठी हात पसरले. बोंडअळीच्या वर्षात तर हिशेब मायनसमध्ये जाते. मंग त्या घराचं उत्पन्न उणे आहे असं लिहायचं का? लेकरं तर रोज जेवलीच ना.

म्हणून आपल्या देशात गरिबी मोजताना उत्पन्न नाही, खर्च विचारतात. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९५० मध्ये नॅशनल सॅम्पल सर्व्हे (काही घरं निवडून करायचा देशभराचा सर्व्हे) सुरू केला तेव्हापासून हेच चालू आहे: घरानं महिन्यात काय खाल्लं, काय वापरलं, त्याची किंमत काढा अन् घरातल्या माणसांनी भागा. याला दरडोई मासिक उपभोग खर्च म्हणतात. आपण तेच करू, तुमच्याच गावात, दहा घरांवर. वही, पेन अन् मोबाईलमधलं कॅल्क्युलेटर पुरे.

घरं निवडताना ओळखीची निवडू नका. ग्रामपंचायतीत घरटॅक्सची यादी असते, नमुना आठ, ती पाहा. समजा गावात १२० घरं आहेत तर कोणत्याही एका घरापासून सुरू करून दर बारावं घर घ्या. असं केलं की बौद्धपुराही येते, पारधी बेडाही येते, अन् सडकेवरचं स्लॅबचं घरही येते. आता एखाद्या घराला कुलूप असलं तर शेजारचं घर घ्यायची लय इच्छा होते, पण घेऊ नका. कुलूप काहून आहे ते विचारा. बहुतेक वेळा ते लोक कामाला बाहेरगावी गेलेले असतात, अन् तेच तर तुम्हाला मोजायचे आहेत. पोळ्याला नाहीतर दिवाळीला येतील, तेव्हा जा. रोजच्या घरीही संध्याकाळी जा, दिवसा सगळे वावरात असतात.

घर म्हणजे काय हेही पक्कं करा. एका चुलीवर जेवतात ते एक घर. मोठा भाऊ एकाच वाड्यात राहते पण चूल वेगळी, तर ते दुसरं घर. पोरगा पुण्याला कंपनीत आहे तर त्याला या घरात मोजू नका, तो तिकडं जेवते.

आता विचारायचं कसं, खरी गंमत इथं आहे. सगळं "महिन्याला किती" असं विचारलं तर लोक अंदाजे ठोकून देतात. म्हणून तीन वेगळ्या मुदती वापरतात. तेल, भाजीपाला, अंडी-मटण, मसाले, चहा, तंबाखू-खर्रा हे मागच्या ७ दिवसांचं विचारायचं. धान्य, डाळ, साखर, लाईट बिल, रिचार्ज हे मागच्या ३० दिवसांचं. अन् कपडे, चपला, शाळेचा खर्च, भांडी, गाडी, दवाखान्यात भरती झाल्याचा खर्च हे ३६५ दिवसांचं, अन् मंग त्याला १२ नं भागायचं. खरेदी पोळ्याला नाहीतर दिवाळीलाच होते, तुम्ही जूनमध्ये जाऊन ३० दिवसांचे कपडे विचारले तर अख्खं गाव उघडं फिरते असं निघेल.

तेलाचंच पाहा. एका घरी मी विचारलं, "मावशी, महिन्याला तेल किती लागते?" ती म्हणे, "मयन्याचं काय मायीत बाप्पा, मी तं रोज दहाची पुडी आणतो." मंग आम्ही दोघं बसून सात दिवसांच्या पुड्या मोजल्या. सोमवारी दोन, पाहुणे आले होते. बुधवारी नाही, मजुरी भेटली नव्हती. सहा दिवसांच्या सात पुड्या, सत्तर रुपये. पाच लिटरचा डबा एकदम आणणाऱ्या घरापेक्षा मावशीला तेच तेल महाग पडते, हे त्या वहीतच दिसलं, अन् "महिन्याला किती" विचारलं असतं तर कधीच दिसलं नसतं.

घरचं पिकलेलं सोडू नका. घरच्या तुरीची डाळ, घरची ज्वारी, गोठ्यातलं दूध, कुंपणावरचं कारलं, जे पोटात गेलं त्याची किंमत धरायची, अन् ती बाजाराच्या नाही, वावरातून विकलं असतं तर जो भाव आला असता त्या भावानं. उलट खत, बियाणं, फवारणीचं औषध, वेचणीची मजुरी, बँकेचा हप्ता हे अजिबात धरायचं नाही, तो धंद्याचा खर्च आहे, खाण्या-वापरण्याचा नाही. नवीन माणूस इथं हमखास चुकते अन् वीस एकरवाला कास्तकार जूनमध्ये एकदम टाटा-बिर्ला दिसायला लागते. फुकट राशनचं मात्र वेगळ्या कॉलममध्ये लिहा. सरकारनंही २०२२-२३ च्या सर्व्हेत दोन आकडे दिले, गावाकडचा दरडोई खर्च ३७७३ रुपये, अन् फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत धरून ३८६०.

एक ठेच मलाही लागली. एका घराचा दरडोई खर्च लय मोठा निघाला, मी खूश, म्हटलं चला एक तरी घर सुधरलं. नंतर लक्षात आलं की त्या वर्षी म्हातारीचं ऑपरेशन झालं होतं, खासगी दवाखान्यात, अन् त्यासाठी दोन एकर गहाण टाकलं होतं. खर्च वाढला अन् घर बुडालं. म्हणून दवाखाना अन् लग्न या दोन्हीपुढं वहीत गोल करून ठेवा, पैसा कुठून आला तेही लिहा. सरकारी आकड्यात असा गोल नसते, सगळं एकाच बेरजेत जाते.

समजा आता दहा घरं झाली. हिशेब सोपा राहावा म्हणून प्रत्येक घरात चार-चार माणसं धरतो, अन् आकडे समजावण्यापुरते, गोल केलेले आहेत. महिन्याचा दरडोई खर्च, लहानापासून मोठ्यापर्यंत: १५००, १८००, २२००, २५००, २८००, ३२००, ३६००, ४४००, ६०००, १२०००. बेरीज ४० हजार, सरासरी ४०००. पहिली गोष्ट इथंच पाहून घ्या, सरासरी ४००० आहे पण दहातली सात घरं तिच्या खाली आहेत. मधलं घर पाहिलं, म्हणजे पाचव्या-सहाव्याच्या मधात, तर ३००० येते. भाषणात नेहमी सरासरीच सांगतात, मधलं घर सांगत नाहीत.

मंग गरीब कोण? रेषा ओढावी लागते, अन् ती कोणी ओढली त्यावर सगळं आहे. दादाभाई नौरोजींनी एकोणिसाव्या शतकात तुरुंगातल्या कैद्याच्या खाण्या-कपड्याचा खर्च काढून दाखवलं होतं की साध्या माणसाच्या वाट्याला तेवढंही येत नाही. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून वि. म. दांडेकर अन् नीळकंठ रथ यांनी रोजच्या २२५० कॅलरी भेटतील एवढा खर्च ही रेषा धरली. (हे दांडेकर आपल्याकडं वेगळ्याच कारणानं माहीत आहेत, १९८३ मध्ये राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजणारी समिती नेमली तिचे अध्यक्ष तेच. विदर्भाचा अनुशेष, म्हणजे विकासाची राहिलेली बाकी, हा शब्द ज्यांच्या तोंडी आहे त्यांनी हे लक्षात ठेवा, गरिबी मोजणारा अन् अनुशेष मोजणारा माणूस एकच.) १९७९ मध्ये सरकारनं गावाला २४०० अन् शहराला २१०० कॅलरी धरल्या, कारण वावरातलं काम जास्त अंग मोडते. नंतर २००९ मध्ये तेंडुलकर समितीनं कॅलरीचा खुंटा सोडला अन् खाण्याबरोबर शिक्षण, दवाखाना, कपडे हेही धरले. त्या पद्धतीनं २०११-१२ साठी देशाच्या ग्रामीण भागाची रेषा महिन्याला माणशी ८१६ रुपये अन् शहराची १००० निघाली, आपल्या महाराष्ट्राच्या गावांची ९६७. वर ते ४४ हजाराचं गणित केलं ना, माणशी ९१७, ते या रेषेच्याही खाली बसते!

२०१४ मध्ये रंगराजन समितीनं त्याच वर्षासाठी गावाला ९७२ अन् शहराला १४०७ सांगितले. लोक तेच, वर्ष तेच, अन् देशातले गरीब २१.९ टक्क्यांवरून २९.५ टक्के झाले, कारण फूटपट्टी बदलली. म्हणून कोणी "गरिबी एवढी कमी झाली" म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, कोणत्या रेषेनं? वर्ल्ड बँकेची रेषा जून २०२५ पासून रोजचे ३ डॉलर आहे, त्या हिशेबानं भारतात २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के लोक अतिगरीब. पण तिथंही एक खोच आहे, ३ डॉलरला बाजारातल्या डॉलरच्या भावानं गुणू नका. अमेरिकेत ३ डॉलरमध्ये जेवढं सामान येते तेवढं आपल्याकडं किती रुपयांत येते ते धरतात, अन् ते लय कमी भरते.

आपण आपल्या वहीसाठी तेंडुलकरांचे ९६७ घेऊ. तेव्हापासून गावाकडची महागाई ढोबळमानानं दुप्पट झाली, म्हणून २००० धरतो. ही सरकारी रेषा नाही, माझी कामचलाऊ आहे. आपल्या दहातली दोन घरं खाली आली, १५०० अन् १८००. म्हणजे गरिबी २० टक्के.

हा झाला डोकी मोजायचा प्रकार, अन् तो एकटा फसवते. समजा सरपंचाकडं महिन्याला ८०० रुपये आहेत अन् त्याला गरिबी कमी करून दाखवायची आहे. १८०० वाल्या घरात चार माणसांना २००-२०० दिले की ते घर रेषेवर आलं, गरिबी २० वरून १० टक्के, पेपरात फोटो. तेच ८०० रुपये १५०० वाल्या घरात दिले तर ते १७०० वर येते, त्या घराला खरी गरज होती, पण गरिबी २० टक्केच दिसते. म्हणून दुसरं माप काढायचं: रेषेपासून घर किती खोल आहे. पहिलं घर ५०० नं कमी, म्हणजे रेषेच्या २५ टक्के. दुसरं २०० नं, म्हणजे १० टक्के. दोन्ही मिळून ३५, भागिले सगळी दहा घरं, ३.५ टक्के. याला दारिद्र्याची दरी म्हणतात. सरपंचानं ८०० कुठंही दिले तरी ही दरी सारखीच कमी होते, फोटोसाठी घर निवडायचा फायदा संपला. अन् २५ अन् १० चा आधी वर्ग करून बेरीज केली तर खोल घराला जास्त वजन मिळते, मंग १५०० वाल्याला दिलेलंच जास्त मोजलं जाते. फॉस्टर, ग्रीर अन् थॉर्बेक या तीन अर्थशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ही तिन्ही मापं एका सूत्रात बसवली, ते सूत्र आजही वापरतात. जाता जाता, दोन्ही घरं रेषेवर आणायला महिन्याला किती लागतात? ५०० अन् २००, गुणिले चार, २८०० रुपये.

आता पैसा बाजूला ठेवा अन् घरात नजर फिरवा. बहुआयामी गरिबी नावाचं माप आहे, नीती आयोग काढते, त्यात १२ गोष्टी पाहतात अन् प्रत्येकीला वजन आहे. पोषण १/६, बाल-किशोर मृत्यू १/१२, बाळंतपणाची काळजी १/१२, घरातलं कोणीतरी सहा वर्षं शिकलं का १/६, लेकरं शाळेत जातात का १/६, अन् उरलेल्या सात गोष्टी, म्हणजे चुलीचं इंधन, संडास, पाणी, लाईट, घर, वस्तू, बँक खातं, प्रत्येकी १/२१. कमतरतेची बेरीज एक तृतीयांश किंवा जास्त झाली की घर गरीब. आपलं २५०० वालं घर घ्या, पैशाच्या रेषेच्या आरामात वर आहे. पण जमीन शेणानं सारवलेली, संडास नाही, स्वयंपाक लाकडावर, हे झाले ३/२१. घरातलं कोणीच सहा वर्षं शिकलं नाही अन् लहान पोरगी कुपोषित, हे झाले २/६. बेरीज ०.४७६, गरीब. अन् १८०० वाल्याकडं घरकुल आहे, संडास आहे, लेकरं शाळेत, तर ते या मापात गरीब निघणारही नाही. देशात हे प्रमाण २०१५-१६ मध्ये २४.८५ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये १४.९६, महाराष्ट्रात १४.८० वरून ७.८१. फक्त गॅसबद्दल विचारताना "सिलिंडर आहे का" विचारू नका, "स्वयंपाक बहुतेक कशावर होते" विचारा. सिलिंडर कोपऱ्यात असते, त्याच्यावर कपडा असते, अन् कपड्यावर टीव्हीचा रिमोट.

विषमतेवर येऊ. गरिबी अन् विषमता लोक एकच समजतात, पण गरिबी म्हणजे खालच्याला किती कमी आहे अन् विषमता म्हणजे सगळ्यांच्यात वाटणी कशी झाली. सोपं माप पाहिजे तर वरचं एक घर अन् खालची चार घरं पाहा. वरच्याचे १२०००, खालच्या चौघांचे मिळून ८०००. भागाकार दीड. याला पाल्मा गुणोत्तर म्हणतात.

विषमतेचं दुसरं माप, जिनीचा आकडा, मात्र पेपरात नेहमी येते, तो हातानं काढून पाहा म्हणजे भीती जाते. कोराडो जिनी हा इटलीचा संख्याशास्त्रज्ञ, त्यानं १९१२ मध्ये दिला. घरं लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. प्रत्येक आकड्याला त्याच्या नंबरनं गुणा: १५०० ला १ नं, १८०० ला २ नं, असं १२००० ला १० नं. सगळ्यांची बेरीज २,८९,३०० येते. तिची दुप्पट करा, ५,७८,६००. याला घरांची संख्या गुणिले एकूण खर्च, म्हणजे १० गुणिले ४० हजार, चार लाखानं भागा. १.४४६५. यातून अकरा (घरांपेक्षा एक जास्त) भागिले दहा, म्हणजे १.१ वजा करा. उरले ०.३४६५. झाला तुमच्या गावाचा जिनी. सगळ्यांकडं सारखं असतं तर शून्य आला असता, सगळं एकाच घरात असतं तर एकाच्या जवळ गेला असता. चिठ्ठ्या टाकून कोणतीही दोन घरं उचलली तर त्यांच्यात सरासरी ३०८० रुपयांचं अंतर भरते, जिनीच्या पोटात हेच अंतर असते.

दोन प्रयोग करून पाहा. सगळ्या घरांचा खर्च दुप्पट करा, जिनी तोच राहते, पण गरिबी शून्य होते. आता फक्त वरच्या घराचा १२ हजारावरून २४ हजार करा, जिनी ०.४७ वर जाते अन् गरिबी जिथल्या तिथं, वीस टक्के. वरून सरासरी ५२०० झाली, म्हणजे गाव "सुधरलं".

सरकारच्या २०२३-२४ च्या सर्व्हेत ग्रामीण भारताचा जिनी ०.२३७ अन् शहरी ०.२८४ आहे. हे वाचून आपल्याकडं लय समानता आहे असं समजू नका, कारण हा खर्चाचा जिनी आहे. श्रीमंत माणूस कमावते त्यातलं बरंचसं खात नाही, प्लॉटमध्ये, सोन्यात टाकते, ते या वहीत येतच नाही. अन् मोठ्या वाड्यातला माणूस सर्व्हेवाल्याला बहुतेक वेळा दारातूनच "नंतर या" म्हणते, मी तीन चकरा मारल्या आहेत. म्हणून काही अर्थशास्त्रज्ञ सर्व्हेच्या जोडीला इन्कम टॅक्सचे आकडे लावतात. वर्ल्ड इनिक्वालिटी लॅब या विषमतेवर काम करणाऱ्या संशोधन संस्थेनं तसं केलं तर २०२२-२३ मध्ये वरच्या १ टक्का लोकांकडं देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के अन् संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा निघाला. यावर वादही आहेत, पण खर्चाचा आकडा अन् हा आकडा एकमेकांशी भांडत नाहीत, दोघं वेगळीच गोष्ट मोजतात.

खेड्यात संपत्ती म्हणजे वावर. म्हणून वहीत शेवटी एक कॉलम जमिनीचा करा अन् घरं जमिनीप्रमाणं परत लावा. आपल्या दहा घरांचं असं धरू: चार घरांकडं काहीच नाही, मंग १, २, ३, ४, १० अन् ३० एकर. एकूण ५०. वरच्याच रीतीनं गुणून बेरीज ४६० येते, दुप्पट ९२०, भागिले ५००, वजा १.१, जिनी ०.७४. खर्चाचा ०.३५ अन् जमिनीचा ०.७४, घरं तीच. अन् भूमिहीन चारमधलं एक घर मास्तरांचं असू शकते, ६००० वालं, त्याच्याकडं एकरभरही नाही अन् दर एक तारखेला पगार आहे. त्याच्यापुढंही गोल करा.

हे सगळं एकदाच करून थांबू नका. तीच दहा घरं मे महिन्यात अन् परत डिसेंबरात करा, कापूस घरात आल्यावर. अन् वहीत नावं लिहू नका, फक्त नंबर, आपल्याकडं आकड्यावरूनच लोक घर ओळखतात. माझ्या वहीतलं १२००० वालं पान एकानं चहाच्या टपरीवर नुसतं पाहिलं अन् म्हणे, "हा तं आपला गिरणीवाला व्हय."